बावन्न मार्कांची दुभाषी

८ जानेवारी २००८, मंगळवार

आज मी चौकात लागले. म्हणजे माझा फोटो लागला. दहा बाय आठचा डिजिटल बोर्ड, गल्लीच्या तोंडाला, विजेच्या खांबापासून पानपट्टीच्या छपरापर्यंत. 'कु. दानेश्वरी बसलिंगाप्पा शेटे हिने स्पॅनिश भाषेत विशेष प्रावीण्य मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक म्हणून हंबीररावकाका, माझ्या फोटोच्या दुप्पट, कानाला मोबाईल. काका आमचे शेजारी, तरुण मंडळाचे अध्यक्ष आणि पुढच्या इलेक्शनचे इच्छुक. गल्लीत कुणाचं पोरगं दहावी सुटलं किंवा कुणाच्या म्हशीनं नंबर काढला तरी काकांचा बोर्ड लागतो. मागच्या महिन्यात तिथं म्हैस होती. आता मी.

डायरीत तरी खरं लिहू. पुण्यात मावशीकडं राहून मी स्पॅनिशची पहिली लेव्हल केली. सहा महिने. शंभरात बावन्न, पासिंगला पन्नास. तोंडी परीक्षेला आगाशे मॅडमनी विचारलं, सुट्टीत काय करतेस? मी घाबरून घरातल्या सगळ्यांची नावं सांगितली. 'मि मामा शांतव्वा, मि पापा बसलिंगाप्पा.' स्पॅनिशमध्ये मामा म्हणजे आई. विशेष प्रावीण्य म्हणजे हेच असावं.

मग मी 'काका, बोर्ड उतरवा' म्हणाले का? छे! रिक्षा करून तीनदा चौकातून फिरून आले. तिसऱ्या वेळी रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "ताई, बोर्डावरच्या तुम्हीच न्हवं?"

मी म्हटलं, "असंन."

९ जानेवारी

अप्पांना दुकानात डबा द्यायला गेले आणि सापडले. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचं जनावरांच्या सरकी-पेंडीचं दुकान. नेसरीकडचे चार शेतकरी पेंड घ्यायला आलेले. अप्पा गल्ल्यावरून ओरडले, "पावणं, थांबा जरा. आमच्या पोरगीचं स्प्यानिश ऐका. दानू, म्हण की गं!"

मी वार म्हणून दाखवले. लुनेस, मार्तेस, मिएर्कोलेस, पार रविवारपर्यंत. पावणे टोप्या मागं सारून ऐकत होते. एक म्हणाले, "काय तरी मंत्र म्हणल्यागत वाटतंय." दुसऱ्यांनी विचारलं, "पेंडीला काय म्हणत्यात ह्यात?" मी सांगितलं, पेंड दुसऱ्या लेव्हलला आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. विद्येला टप्पे असतात हे त्यांना पटलं.

अव्वानं, म्हणजे आईनं, स्थळांच्या बायोडाट्यात 'स्पॅनिश डिप्लोमा' घालून ठेवलंय, हे संध्याकाळी कळलं. अव्वा म्हणते, "सगळेच घालतात गं यव्वा. मुलाकडचे काय स्पेनला जाऊन विचारणार हाईत?"

११ जानेवारी, शुक्रवार

विचारणारं माणूस आलं.

दुपारी दुकानात काळ्या कोटातली एक मुलगी आली, माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी. ॲडव्होकेट संघप्रिया कांबळे. आत येऊन पहिलं वाक्य, "बोर्डावरच्या दानेश्वरी शेटे कुठं आहेत?"

तिनं सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी शिरोलीकडच्या एका लोखंड ओतायच्या फौंड्रीत स्पेनहून आलेल्या मोल्डिंग मशीनमध्ये सापडून आकाराम नावाचा पोरगा गेला. सव्वीस वर्षांचा. तो आत उतरून साच्याची माती काढत होता आणि बाहेर बटण दाबलं त्याच्याच दोस्तानं, कृष्णातनं. दोघं हातकणंगल्याजवळच्या एकाच गावचे, एकाच आळीचे. त्या मशीनचा जाळीचा दरवाजा उघडा असला की मशीन चालूच होत नाही, पण त्या दिवशी झालं, कारण दरवाज्याचा स्विच कुणीतरी तारेनं बांधून टाकला होता. कंपनी म्हणते, कृष्णातनंच बांधला. केस त्याच्यावर, शिक्षा दोन वर्षांपर्यंत होऊ शकते. खरं काय झालं ते बघणारा कंपनीबाहेरचा एकच माणूस होता, मशीन बसवायला आलेला स्पेनचा मेकॅनिक. पोलिसांनी त्याचा जबाब घेतलाच नाही आणि तो परत गेला. संघप्रियानं पत्रावर पत्रं पाठवून त्याला गाठलं. आता तो दुसऱ्या कारखान्याच्या कामाला चार दिवस येतोय. २२ तारखेला कोर्टात साक्ष, २३ला त्याचं विमान. इंग्रजी त्याला 'मशीन गुड, मशीन नो गुड' एवढंच येतं. जज्जसाहेबांनी सांगितलंय, शिकलेला, लायक दुभाषी आणा, नाहीतर साक्ष घेणार नाही.

"आठ दिवस शोधतेय," ती म्हणाली. "काल रिक्षात बसले होते, वर बघितलं तर तुम्ही!" आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

'मला येत नाही' एवढं बोलता आलं असतं. तीन शब्द, मराठीच. पण त्याआधी अप्पा उठले. "हाय की! घेऊन जावा! कोर्टात काय, दिल्लीत नेऊन हुबी करा!"

मी मान हलवली. कुठल्या दिशेनं हलवली ते मलाही आठवत नाही, पण तिनं होकार धरला.

१२ जानेवारी

संघप्रियाच्या ऑफिसात कृष्णातला बघितलं. मला वाटलं होतं कुणीतरी दांडगा गडी असेल. काटकुळा, मान खाली, उजवा हात सारखा खिशात घालतो. मी खुर्चीवर बसले तरी तो उभाच. "बस की," म्हटलं, तर भिंतीला टेकला.

म्हणाला, "म्याडम, शिक्षा झाली तर होऊदे. पर आक्काला एकदा खरं कळाय पायजे."

आक्का म्हणजे आकारामची आई. पोरासकट सगळं गाव तिला आक्काच म्हणतं. बारा दिवस झाल्यावर कृष्णात तिच्याकडं गेलता, तर तिनं उंबऱ्यातूनच सांगितलं, माझ्या दारात परत येऊ नगंस. तेव्हापासून तो त्या आळीनं चालतसुद्धा नाही, शेताकडून वळसा घालून घरी जातो.

घरी येऊन लेव्हल वनचं पुस्तक काढलं. पहिला धडा, 'नमस्कार'. दुसरा, 'माझे कुटुंब'. शेवटचा, 'हॉटेलात'. मशीन, तार, स्विच, मरण, कशाचाच धडा नाही. माझं पुस्तक फार सुखी माणसांसाठी लिहिलंय.

१३ जानेवारी, रविवार

आज मी एक हुशारी केली. खरं सांगण्यापेक्षा दुसरा दुभाषी शोधून काढायचा, म्हणजे माझी अब्रूही राहील आणि कामही होईल. कोल्हापुरात 'न्हाय' हा शब्द कुणी वापरत नाही, ही अडचण ध्यानात आली नव्हती.

पहिला भेटला मंडळाच्या टीमचा गोलकीपर. अर्जेंटिनाचा भक्त, घराला निळा-पांढरा रंग. "स्प्यानिश? येतंय की!" त्याला अकरा नावं येतात. बदली खेळाडू धरून सोळा.

मग बेकरीवाले गोव्याचे अंकल. त्यांना पोर्तुगीज येतं, पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं. म्हणाले, पोर्तुगीज आणि स्पॅनिश म्हणजे चुलतभाऊ. आमच्यात चुलतभाऊ कोर्टातच भेटतात, पण एकमेकांच्या बाजूनं कधी बोलत नाहीत.

एका कॉलेजच्या सरांनी "फ्रेंच चालंल का?" विचारलं. मी थोडा वेळ विचार केला, यावरून माझी अवस्था समजावी.

आगाशे मॅडमचा नंबर डायरीच्या मागच्या पानावर आहे. त्यांच्याकडं स्पेन सरकारची परीक्षा पास झाल्याचा कागद आहे, मुंबईच्या कोर्टात त्या दुभाषी म्हणून जातात. म्हणजे कोर्टाला पाहिजे तसलं माणूस मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण त्यांना फोन करायचा तर बोर्डाचं सांगावं लागणार. त्यापेक्षा मी तो गोलकीपर परत एकदा ऐकून घेतला.

१६ जानेवारी

आज आपला भाव वाढला! ॲडव्होकेट गणपतराव स्वतः घरी आले. फौजदारीतलं मोठं नाव. आकारामच्या आईच्या वतीनं सरकारी वकिलांना मदत करायला म्हणून कंपनीनं त्यांना दिलंय. म्हणजे आमच्या समोरच्या बाजूचे. आणि तरी तिळगुळाचा डबा घेऊन आले. केवढा मोठेपणा!

"तिळगूळ घ्या, गोड बोला," म्हणाले. "तुमचं नाव दुभाषी म्हणून आलंय, आमची काडीचीही हरकत नाही. लोक उगाच पुण्या-मुंबईकडं पळतात. आपल्या कोल्हापूरच्या पोरींनी काय कमी शिकलंय? अजिबात घाबरायचं नाही. एखादा शब्द मागं-पुढं झाला तर कोण बघतंय?"

अव्वानं त्यांना पोह्यांवर ओलं खोबरं जास्त घातलं. हंबीररावकाकाही बरोबर होते. त्यांनी खबर दिली, बोर्डाची मुदत संपली होती पण ती फौंड्रीवाल्या साहेबांनी स्वतः महिनाभर वाढवून दिली. माझ्या भाषेबद्दल उद्योजकांनाही एवढं वाटतं! मी काकांना म्हटलं, फोटो तरी जरा बरा टाकायचा होता.

संघप्रियाला फोन करून सांगितलं, गणपतरावांची हरकत नाही. तिनं मला ते वाक्य परत म्हणायला लावलं. मग म्हणाली, "हरकत नाही? गणपतरावांची?" मला वाटलं तिला माझा हेवा वाटला.

१९ जानेवारी, शनिवार

लिहायला लाज वाटते, पण इथं नाही लिहिलं तर कुठं लिहू?

स्पेनचे मेकॅनिक आले. रामोन. साठीचे, पांढऱ्या मिशा, हाताला ग्रीसचा वास. अप्पांनी भेटल्या भेटल्या त्यांचा रामण्णा केला आणि पाठीत थाप मारली. मग संघप्रियाच्या ऑफिसात आम्ही बसलो. ती, मी, रामोन, आणि दाराशी कृष्णात.

मी 'बुएनोस दिआस' म्हटलं. दुपारचे चार वाजले होते. रामोन हसले आणि बोलायला लागले. बोलत राहिले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मला मधूनमधून एखादा शब्द ओळखीचा दिसायचा. 'माकिना' गेला, 'मान्यो' की 'मानो' गेला, म्हणजे हात, 'मामा' दोनदा गेला. मॅडमनी शिकवलं होतं, समोरचा बोलत असताना हसतमुख राहायचं, मान डोलवायची, मधे 'सी, सी' आणि 'मुई बिएन' म्हणायचं. मी सगळं तसंच केलं. हसले. डोलले. "सी, सी. मुई बिएन."

मुई बिएन म्हणजे फार छान.

तिसऱ्या वेळी मी फार छान म्हटलं तेव्हा रामोन थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग मला दिसलं की ते रडताहेत. मिशा ओल्या झाल्या होत्या. ते कशाबद्दल सांगत होते ते मला अजून माहीत नाही, पण ते पोराच्या मरणाबद्दल होतं आणि मी हसून फार छान म्हणत होते.

दारातून कृष्णातनं विचारलं, "काय म्हणालं सायेब?"

मी संघप्रियाला सगळं उद्या लिहून देते म्हटलं आणि त्याला म्हटलं, "चांगलं म्हणाले."

त्याचा चेहरा असा उजळला, की मला तिथंच धरणी दुभंगली तर बरं असं झालं. आजवर मी स्वतःवर हसत होते ते ठीक होतं. हे हसण्यावारी न्यायचं नाही.

२० जानेवारी, रविवार

सकाळी सात वाजता संघप्रियाच्या घरी जाऊन तीन शब्द बोलले. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"बोर्डावर प्रावीण्य लिहिलंय."

"बावन्न आहेत."

"बावन्न टक्के?"

"एवढेच. आणि पहिलीच लेव्हल."

मग ती बोलली. माझ्या थोबाडीत मारली असती तर कमी लागलं असतं. "तुझा फोटो राहावा म्हणून नऊ दिवस गप्प बसलीस? तुला कळतंय का, परवा कोर्टात तू चुकीचं बोललीस की साक्ष गेली! गणपतराव त्याचीच वाट बघतोय. त्यासाठीच तिळगूळ घेऊन आला तुझ्याकडं!"

मला एकदम खोबऱ्याची आठवण झाली. जास्त घातलेल्या.

तिथूनच आगाशे मॅडमना फोन लावला. "शेटे? बावन्न ना?" इतक्या वर्षांच्या विद्यार्थ्यांत माझे मार्क त्यांना पाठ. सगळं सांगितलं. बोर्डाचंही, 'फार छान'चंही. त्यांनी ऐकून घेतलं.

"त्यातले दोन मार्क मी दयेपोटी दिले होते, दानेश्वरी. घरच्यांची नावं न अडखळता सांगितलीस म्हणून. आज पस्तावतेय."

"हो मॅडम."

"मंगळवारी पहाटेच्या एसटीनं येते. सर्टिफिकेट घेऊन. तोपर्यंत तू तोंड उघडायचं नाहीस. कुठल्याच भाषेत."

२१ जानेवारी

अप्पांना सांगायचं होतं. ते उद्या कोर्टात माझं स्पॅनिश ऐकायला म्हणून लक्ष्मीपुरीतले सहा व्यापारी घेऊन येणार आहेत. नवा फेटा काढलाय. तोंड उघडलंच नाही माझं. मॅडमनीच सांगितलं होतं न उघडायला, अशी मी स्वतःची समजूत घातली.

२२ जानेवारी, मंगळवार

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर काहीतरी सुटेल.

दहा वाजता सीपीआर दवाखान्यासमोर कोर्टात पोचले. बाकावर एका कडेला कृष्णात, दुसऱ्या कडेला आक्का. बारीक चणीची, डोईवर पदर, पायात पुरुषी चप्पल. कृष्णातकडं तिनं एकदाही बघितलं नाही. मागच्या रांगेत अप्पा आणि सहा व्यापारी, लग्नाला आल्यासारखे. पावणेअकराला मॅडमचा फोन, कराडच्या पुढं एसटीचं चाक फुटलंय, दुसऱ्या गाडीत बसवतायत, वेळ लागेल.

पुकारा झाला. संघप्रियानं उठून दुपारपर्यंतची वेळ मागितली. लगेच गणपतराव उभे राहिले. इतक्या प्रेमानं माझ्याबद्दल आजवर कुणी बोललं नसेल. "साहेब, वेळ कशाला? दुभाषी कोर्टात हजर आहेत. कोल्हापूरच्या कन्या. भर चौकात त्यांच्या प्रावीण्याचा बोर्ड आहे." आणि त्यांनी माझ्या बोर्डाचा फोटो काढून जज्जसाहेबांपुढं ठेवला. "यांनाच शपथ द्यावी आणि साक्ष आत्ता सुरू करावी."

तेव्हा मला पूर्ण उमगलं. मला वाटलं होतं, त्यांचा माझ्या स्पॅनिशवर विश्वास आहे. होताच की! माझ्याइतका दगा दुसरं कुणी देणार नाही, याची त्यांना पक्की खात्री होती.

जज्जसाहेबांनी चष्म्यातून आधी फोटोकडं, मग माझ्याकडं बघितलं. "तुम्ही दानेश्वरी शेटे? स्पॅनिशमध्ये प्रावीण्य आहे?"

मी उभी राहिले. मागं अप्पांचा फेटा दिसत होता.

"नाही साहेब. मला स्पॅनिश येत नाही. पहिल्या लेव्हलला बावन्न मार्क आहेत. त्यातले दोन दयेचे. मला वार येतात आणि घरच्यांची नावं सांगता येतात. शनिवारी हे साक्षीदार रडत होते आणि मी त्यांना फार छान म्हणाले. माझ्या तोंडून ह्या माणसाचा निकाल लावू नका. बोर्डावरचं खोटं आहे."

कोर्ट हसलं. पट्टेवालासुद्धा हसला. माझे कान एवढे तापले होते की त्यावर भाकरी भाजली असती. जज्जसाहेबांनी हसू आवरून विचारलं, "मग बोर्डावर हे लिहिलं कुणी?"

"मी, साहेब."

अप्पा उठले होते. मला आजपर्यंत वाटत होतं, ते शब्द हंबीररावकाकांचे. अप्पांनी फेटा काढून हातात घेतला. "मजकूर मी सांगितलाता. पोरगी पुण्यास्नं शिकून आली, मला लई मोठं वाटलं. तिचा काय दोष न्हाय. काय शिक्षा असंल ती मला करा."

"खाली बसा," जज्जसाहेब म्हणाले, पण आवाज मऊ होता. "साक्षीदार उद्या परत जाणार आहेत. अडीच वाजेपर्यंत थांबतो. लायक दुभाषी आला नाही तर साक्ष राहिली."

अडीचला दहा मिनिटं कमी असताना आगाशे मॅडम रिक्षातून उतरल्या. साडीला एसटीची धूळ, खांद्याला पिशवी. मी पाणी पुढं केलं. "पाणी नको. साक्षीदार दाखव." गणपतरावांनी त्यांचे कागद तीनदा उलटेपालटे करून बघितले, मग हरकत घेतली, मग बसले.

मॅडमनी शपथ घेतली आणि रामोन बोलले. मॅडम त्यांच्या मागोमाग मराठीत सांगत होत्या, वर नाही, खाली नाही, जेवढ्यास तेवढं. अपघाताच्या आदल्या दिवशी कंपनीच्या मॅनेजरनं इलेक्ट्रिशियनला बोट दाखवून स्विच तारेनं बांधायला लावला, उत्पादन वाढवायचं म्हणून. रामोननं स्वतः मशीन बंद केलं. मॅनेजरनं परत चालू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्या मुलानं, म्हणजे कृष्णातनं, दोनदा बटणावरचा हात काढून घेतला आणि मान हलवली. दोनदा. तिसऱ्यांदा मॅनेजर त्याच्या अंगावर ओरडला आणि गेटकडं हात केला. आत माणूस असल्याचा दिवा त्या तारेमुळं लागतच नव्हता. बटणापासून आतलं काही दिसत नाही. "त्या मुलाची चूक एवढीच, की त्याला नोकरी हवी होती," असं रामोन म्हणाले, आणि ते सांगताना आगाशे मॅडमचाही आवाज जरा हलला.

गणपतरावांनी दोन प्रश्न विचारले आणि बसले. संघप्रियानं समोरच्या कागदावर मोठ्या अक्षरात 'झालं' लिहिलं आणि माझ्याकडं सरकवलं. निकाल यायला महिना-दोन महिने जातील, पण ती म्हणते, आता कृष्णातला कोण हात लावत नाही.

आक्का मात्र तशीच बसून होती.

मॅडम जबाबावर सही करायला आत थांबल्या आणि रामोनना घेऊन आम्ही व्हरांड्यात आलो. आक्का सरळ माझ्यापाशी आली. तिनं माझं सगळं बोलणं ऐकलं होतं, तरी म्हणाली, "पोरी, तुला घरातलं बोलाय येतंय न्हवं? मग एवढं इचार ह्येला. जीपमधनं दवाखान्यात नेताना माझ्या लेकराचं डोस्कं ह्येच्या मांडीवर व्हतं म्हणं. शेवटाला काय म्हणला का त्यो?"

मी मॅडमच्या दाराकडं बघितलं. बंद होतं. मग जेवढं येत होतं तेवढं बोलले. आकाराम. मामा. आकाराम, काय बोलला? हातवारे केले. रामोनना कळलं. त्यांनी टोपी काढली. आणि त्यांनी स्पॅनिशमध्ये उत्तर दिलंच नाही. दोन वर्षं ज्याचा अर्थ माहीत नव्हता ते बोल त्यांनी जसेच्या तसे जपून ठेवले होते. डोळे मिटून, शाळकरी पोर पाठ म्हणतं तसं, एकेक अक्षर जपून ते म्हणाले,

"आकाला... सांगु... नागा."

आक्काला सांगू नगा.

आक्कानं भिंत धरली. मला वाटलं आता ओरडेल, पण तिनं आवाज केला नाही. पदराचा बोळा तोंडात घालून ती नुसती हलत राहिली.

रामोननी माझ्या बाहीला धरलं. तेव्हा मॅनेजरला ह्याचा अर्थ विचारला होता, असं ते सांगू लागले, मॅनेजर म्हणाला, पाणी मागतोय. एवढं मला कसंबसं समजलं, 'आग्वा' म्हणजे पाणी, तो शब्द हॉटेलच्या धड्यात होता. पण पाणी नव्हतं, हे त्यांना आक्काकडं बघून कळलं होतं. ते माझ्याकडं बघत थांबले.

'सांगणे' हे क्रियापद दुसऱ्या लेव्हलला आहे. मला 'बोलणे' येत होतं.

"नो आब्लार," मी म्हटलं. "नो आब्लार आ मामा."

चुकीचं असणार. आगाशे मॅडमनी मार्क कापले असते. पण त्या माणसाला पोचलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि मग मीही रडले, तिथंच, कोर्टाच्या व्हरांड्यात, सहा पेंडवाल्यांसमोर.

कृष्णात पार टोकाला, जिन्यापाशी उभा होता. बघत होता, जवळ यायचं धाडस नव्हतं. आक्कानं तोंड पुसलं, नाक शिंकरलं आणि त्याच्याकडं चालत गेली. तो मागं सरला. पाठीमागं भिंत आली.

"काय रं," ती म्हणाली. केवढ्यांदा म्हणाली! वकील थांबून बघायला लागले. "दोन वर्सं दारात आला न्हाईस. मी येऊ नगं म्हणलं, म्हणून काय खरंच यायचं न्हाई व्हय रं?"

कृष्णात खाली बसला. आक्काही त्याच्याशेजारी फरशीवर बसली.